ब्युरेट किती आणि मुलं किती, ते आधी मोजून ये

पीयूचा (कर्नाटकातली अकरावी-बारावी) निकाल लागला की या सदराकडं दरवर्षी एकाच धाटणीची पत्रं येतात, खानापूर, निपाणी, बेळगाव तालुका, सगळीकडून. यंदा त्यातली तीन घेतलीत. नावं आणि गावं छापत नाही, पत्र लिहिणाऱ्यांनी तसं कळवलंय. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, पण ते लांबायलाच हवं होतं.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या पुढं आमचं गाव. एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग पीयू सायन्स इंग्लिशमधनं केलं, पहिलं वर्ष लई जड गेलं पण सेकंड पीयूला 86 टक्के पडले. मला केमिस्ट्रीतच पुढं जायचंय, मेडिकलची नीट परीक्षा दिली नाही, द्यायची पण नव्हती. आता घरात रोज एकच विषय चाललाय. पप्पा म्हणतात तालुक्याच्या कॉलेजला बीएस्सी कर, बसनं ये-जा होईल. काका चाकणला कंपनीत आहेत, ते म्हणतात खेड्यातल्या कॉलेजची डिग्री कोण विचारतंय, पुण्याला ये, मोठ्या युनिव्हर्सिटीचं नाव लागलं की लाईफ सेट. आमच्या पीयूच्या सरांचं म्हणणं बेळगावात घे. पुण्यात कॉट बेसिस आणि मेस धरून महिना 10 हजार तरी लागतील असं काकाच सांगतात. आमची थोडी काजूची बाग आणि भात, धाकटा भाऊ नववीत. तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीला वर्गात 20-22 मुलं असतात, ते बघून भीती वाटते की मी इथंच राहीन. आणि पुण्याचं म्हटलं की भीती वाटते की मी तिथं हरवून जाईन. यातली कुठली भीती खरी ते सांगा.

उत्तर : बाळ, दोन्ही भीती खऱ्या आहेत, आणि दोन्हींवर इलाज आहे. पण आधी माझं सांगते कारण तुझं पत्र वाचताना मला माझीच बारावी आठवत होती.

मी सीमाभागातल्याच एका गावातली, आणि माझ्या वेळी मला मोठ्या शहरातल्या मोठ्या कॉलेजात घातलं होतं. नाव सांगत नाही, कॉलेज नावाजलेलं होतं, शिकवणारे विद्वान होते. वर्गात आम्ही 130 च्या आसपास. प्रॅक्टिकलला एका ब्युरेटला (सोल्यूशन थेंबानं मोजून सोडायची काचेची नळी) चौघं. चौघांत काय होतं माहितीय का, एक जण कॉक फिरवतो, एक जण फ्लास्क हलवतो, एक जण सोल्यूशन आणतो आणि एक जण रीडिंग लिहितो. मी गावाकडनं आलेली, इंग्लिशला बुजलेली, मला कुणी म्हटलं नाही की तू लिही, मीच आपणहून वही घेऊन बाजूला उभी राहिले आणि तीन वर्षं रीडिंग लिहिणारीच राहिले. अक्षर चांगलं होतं त्यामुळं कुणाची तक्रार पण नव्हती. एमएस्सीला गेल्यावर पहिल्यांदा एकटीच्या हातात पिपेट आलं तेव्हा हात थरथरत होता, आणि माझ्या शेजारचा मुलगा एका लहानशा तालुक्याच्या कॉलेजातनं आलेला, तो शांतपणे मेनिस्कस, म्हणजे नळीतली सोल्यूशनची पातळी, बघून थेंब थेंब सोडत होता. त्याच्या कॉलेजात वर्गात 14 जण होते म्हणे. ते वर्ष मला फार रडवून गेलं. पुढं मी 27 वर्षं डिग्री कॉलेजात केमिस्ट्री शिकवली, ती लहान कॉलेजातच, आणि तो मुलगा माझ्या डोक्यातनं कधी गेला नाही.

म्हणून तुला सांगते, बीएस्सीची तीन वर्षं म्हणजे हात तयार व्हायची वर्षं. बेरियम सल्फेटचा साका गाळताना व्हॉटमन 42 चा कागद कसा घडी घालायचा, क्रुसिबल तापवून गार करून वजन करायचं, परत तापवायचं, परत वजन, ते स्थिर येईपर्यंत, हे एकदा स्वतः केलेल्या मुलीला धीर म्हणजे काय ते कळतं. निकेलमध्ये डायमिथाइलग्लायॉक्झिम घातल्यावर तो लालभडक साका येतो ना, तो दुसऱ्याच्या खांद्यावरनं बघणं वेगळं आणि आपल्या बीकरमध्ये आणणं वेगळं. हे शिकायला मोठ्या नावाची गरज नाही. रिकामं टेबल लागतं, आणि शेजारी उभं राहून चूक दाखवणारा माणूस लागतो.

आता काकांचं म्हणणं. काका तुझ्या भल्याचंच बोलतायत, पण त्यात एक गैरसमज आहे आणि तो आपल्याकडं घरोघरी आहे. पुण्याची युनिव्हर्सिटी 1949 सालची, गणेशखिंडीत तिचा मोठा कॅम्पस, सगळं खरं, पण त्या कॅम्पसमध्ये शिकतात ती बहुतेक एमएस्सी, पीएचडीची मुलं. बीएस्सी शिकवतात ती तिला जोडलेली कॉलेजं, आणि ती शेकड्यांनी आहेत, काही फार उत्तम, काहींची अवस्था आपल्या तालुक्याच्या कॉलेजापेक्षा वाईट. म्हणजे तू पुण्याला गेलीस तरी युनिव्हर्सिटीत जाणार नाहीस, एका कॉलेजात जाणार आहेस, मग त्या कॉलेजाचं नाव काय, तिथं वर्गात किती मुलं, लॅब कशी, हे काकांना विचार. युनिव्हर्सिटीचं नाव मार्कशीटवर येतं, ते शिकवायला येत नाही.

तसंच आपल्याकडंही. खानापूरचं कॉलेज आणि बेळगावातलं कॉलेज, दोन्ही राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटीला जोडलेली. ही युनिव्हर्सिटी 2010 ची, त्याआधी इथली कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक युनिव्हर्सिटीकडं होती. ऑटोनॉमस कॉलेजं सोडली तर सिलॅबस एक, पेपर एक, डिग्रीवरची सही एक. तुझ्या सरांना बेळगाव सुचतंय ते चुकीचं नाही, पण नुसतं शहर म्हणून जाऊ नको.

मग माझं मत काय. तालुक्याचं कॉलेज घे, पण आधी ते बघून ये, आणि अॅडमिशनच्या दिवशी रांगेत उभी राहून बघू नको, कॉलेज चालू असताना प्रॅक्टिकलच्या वेळेला जा. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये जाऊन सरळ विचार, सर मी यंदा येणारे, बघू का म्हणून. कुणी हाकलत नाही, उलट खूष होतात. ब्युरेट किती आणि मुलं किती ते मोज. बाटल्यांवर धूळ आहे का लेबलं ताजी आहेत ते बघ. डिस्टिल्ड वॉटरचा प्लांट चालू आहे का, फ्यूम हूडचा पंखा फिरतो का, वजनाचा डिजिटल बॅलन्स कपाटात कुलूपबंद आहे का टेबलावर. एखाद्या सेकंड इयरच्या मुलीची जर्नल मागून घे आणि त्यावर सरांची सही तारखेनिशी दर आठवड्याला आहे का परीक्षेच्या आदल्या दिवशी एकदम मारलीय ते बघ, ही एक गोष्ट तुला सगळं सांगून जाईल. आणि कायमचे लेक्चरर किती, गेस्ट किती ते विचार. गेस्ट लेक्चरर वाईट शिकवतात असं मी मुळीच म्हणत नाही, माझ्या बघण्यातले काही तर जीव तोडून शिकवायचे, पण त्यांच्या नेमणुका कॉलेज सुरू झाल्यावर उशिरा झाल्या की तेवढे आठवडे वर्ग रिकामा जातो, आणि ते नुकसान भरून निघत नाही. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची ग्रेड बोर्डावर लावलेली असेल, ती ठरावीक वर्षांसाठीच असते, साल बघून घे.

हे सगळं बघून लॅब कुलूपात दिसली, प्रॅक्टिकल कागदावरच होतात असं मुलांनी सांगितलं, तर तिथं जाऊ नको. मग बेळगाव घे, हॉस्टेल बघ किंवा ये-जा कर. तुझ्याकडनं पिरनवाडीवरनं सीबीटीला (बेळगावचा मुख्य बसस्टँड) बस आहेत आणि शक्ती योजनेमुळं 11 जून 2023 पासून आपल्या राज्यातल्या बायका-मुलींना साध्या सरकारी बसला तिकीट नाही, तेव्हा पैशाचा प्रश्न नाही, वेळेचा आहे. पावसाळ्यात तुमच्या बाजूला झाड पडलं की पहिली बस येत नाही, लाईट दोन दोन दिवस नसते, हे मला ठाऊक आहे. म्हणून जून ते सप्टेंबर एवढं तरी कॉलेजच्या गावात कुणा नातेवाईकाकडं किंवा हॉस्टेलला राहायची सोय कर. पप्पांना हे मॅडमनी सांगितलंय म्हण. चार महिन्यांची हजेरी बुडाली की वर्षच हलतं.

पप्पांनाही एक सांगायचंय. तुमची लेक जवळ राहावी म्हणून तालुक्याचं कॉलेज, हे कारण असेल तर ते मला मान्य नाही. पैशाचं कारण मात्र मान्य आहे. महिना 10 हजार म्हणजे वर्षातले 10 महिने धरले तरी तीन वर्षांचे 3 लाख होतात, आणि हे पैसे आत्ता वाचले तर ते भावाच्या नावावर टाकू नका, तिच्या एमएस्सीसाठी ठेवा. तेव्हा ती बाहेर जाणार, आणि तेव्हा तिला अडवू नका.

कारण मोठी युनिव्हर्सिटी तिला हवीच आहे, फक्त तीन वर्षांनी. बाळ, जॅम नावाची परीक्षा आहे, आयआयटी घेतात, दरवर्षी फेब्रुवारीत होते, फॉर्म आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सुटतात. केमिस्ट्रीचा एकच पेपर, 60 प्रश्न, 100 मार्क, तीन तास. तिथं तू कुठल्या कॉलेजची ते कुणी विचारत नाही. त्या स्कोअरवर आयआयटीत एमएस्सी, अनेक एनआयटींत एमएस्सी, बेंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या इंटिग्रेटेड पीएचडीला पण तो चालतो. माझी एक विद्यार्थिनी, वडील काजूच्या फॅक्टरीत कामाला, आमच्या त्या लहान कॉलेजातनं जॅम देऊन गेली. तिच्याकडं कोचिंग नव्हतं, पण जर्नल असं होतं की मी ते पुढच्या मुलांना दाखवायला ठेवून घेतलं.

लहान कॉलेजाचे तोटे लपवत नाही. एक, इंग्लिश वाढत नाही. सर मराठीत समजावतात, कधी कन्नडमध्ये, डोक्यात शिरतं पण पेपर इंग्लिशमध्ये असतो, त्यामुळं पहिल्या दिवसापासनं जर्नल गाईडमधनं न उतरवता स्वतःच्या वाक्यात लिही, चुकू दे. दोन, शर्यत नसते. 20 जणांत पहिली येणं सोपं, आणि त्यानं मन सुस्तावतं. त्यावर इलाज म्हणजे एनपीटीईएलचे आयआयटीतल्या सरांचे व्हिडिओ, ते फुकट आहेत, परीक्षेला तेवढी फी आहे, दर सेमला एक कोर्स कर म्हणजे तुला कळेल देशातली मुलं कुठं आहेत. आणि तीन, लायब्ररी. पुस्तकं जुनी असतील, पण कॉलेजनं एन-लिस्ट नावाची ई-पुस्तकांची वर्गणी घेतली असेल तर हजारो ई-पुस्तकं मोबाईलवर उघडतात, लायब्रेरियनकडं युजर आयडी माग. मी कितीतरी कॉलेजांत बघितलंय, वर्गणी भरलेली असते आणि एकाही मुलाला माहिती नसते. हे बघून जीव तुटतो.

स्कॉलरशिपचं शेवटचं. केंद्र सरकारची एक आहे, बोर्डात 80 पर्सेंटाईलच्या वर असलेल्या मुलांना, घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर, डिग्रीची तीन वर्षं वर्षाला 12 हजार, आणि निम्म्या जागा मुलींच्या. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायची. राज्याची एसएसपी या राज्याच्या पोर्टलवर वेगळी असते. उत्पन्नाचा दाखला तहसीलला आत्ताच टाकून ठेव, निकालानंतर तिथं रांग मावत नाही.

प्रश्न : आम्ही निपाणी भागातले, तंबाखू आणि ऊस करतो. मुलाचं पीयू कॉमर्स झालं, 71 टक्के. त्याला कोल्हापूर हवंय, सीए करायचं म्हणतो. घरात मोठ्या भावाचं म्हणणं की कर्नाटकात राहतो तर कर्नाटकातच शिकव, उद्या नोकरीला अडचण नको, गावाजवळचं लहान कॉलेज आहे तिथं घाल. काय करावं?

उत्तर : भाऊ, निपाणीहून कोल्हापूर 40 किलोमीटर आणि बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. तुमचा बाजार, दवाखाना, सोयरीक सगळं कोल्हापूरकडं, मग शिक्षण तेवढं लांब का वाटतं? मुलाला कोल्हापूरला घाला असं मला वाटतं, आणि कारण सीए हेच आहे. बीकॉम कुठंही केलं तरी सीएची परीक्षा तीच, पण पुढं आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या हाताखालच्या उमेदवारीला, चांगली फर्म लागते. ती आता दोन वर्षांची झालीय, आणि फर्म शहरात असतात, गावात नाहीत. ज्याला सीए करायचं नाही, दुकान सांभाळत डिग्री करायचीय, त्याला मी गावाजवळचंच कॉलेज सांगितलं असतं.

कागदांकडं मात्र आत्ताच लक्ष द्या, कारण इथंच आपल्या भागातल्या मुलांचं वर्ष अडकतं. पीयूचं मायग्रेशन सर्टिफिकेट काढा. कोल्हापूरच्या शिवाजी युनिव्हर्सिटीच्या कॉलेजला ते लागतं, प्रवेशाची इलिजिबिलिटी त्याच्यावर होते. महाराष्ट्र सरकार सीमाभागातली जी 865 गावं धरतं त्यात तुमचं गाव असेल तर त्याचा दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला तयार ठेवा, इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला तर त्याच्यावर वेगळा हक्क मिळतो, बीकॉमला यंदा काय सवलत आहे ते कॉलेजच्या ऑफिसात समोर बसून विचारा, फोनवर नको. तुम्ही 3बी मध्ये (कर्नाटकातल्या आरक्षणाचा एक गट) असाल तर ते सर्टिफिकेट इकडचं, पलीकडं आरक्षणाला चालत नाही, तेव्हा ओपनमधनं लागेल असं धरूनच चला. आणखी एक, कर्नाटकानं 2024 पासून डिग्री परत तीन वर्षांची केली, महाराष्ट्रात तीन किंवा ऑनर्सला चार असं आहे. मुलाला तीन वर्षांत बाहेर पडायचंय का ते पहिल्याच वर्षी ठरवा.

मोठ्या भावांच्या काळजीत तथ्य आहे. कर्नाटकातल्या सरकारी नोकऱ्यांच्या केपीएससी परीक्षांना कन्नडचा पेपर पास व्हावाच लागतो. कोल्हापूरला गेला तरी त्याचं कन्नड सुटू देऊ नका, घरी वर्तमानपत्र येत असेल तर एक कन्नडही चालू करा. इथं राहायचं तर भाषा येऊ दे, त्यात आपलं मराठीपण कमी होत नाही.

प्रश्न : मॅडम मी बेळगाव तालुक्यातला, मागच्या वर्षी हट्टानं बेंगळूरला मोठ्या कॉलेजात बीएस्सीला गेलो. दोन्ही सेम पास झालो. पण वर्षभरात एका लेक्चररला माझं नाव माहिती नाही, रूममध्ये कुणी मराठी नाही, रविवारी तर दिवस सरत नाही. सुट्टीला आलोय, आई रोज विचारते काय करूलालास रे तिथं, खातोस का, मी काहीच सांगत नाही. परत जावंसं वाटत नाही. इथल्या कॉलेजला ट्रान्सफर घेऊ का?

उत्तर : आधी आईला खरं सांग. आज रात्रीच, जेवताना.

ट्रान्सफर मिळत नाही असं नाही, पण युनिव्हर्सिटी बदलते, सिलॅबस जुळत नाही, आणि अख्खं वर्ष जायची शक्यता असते. सगळ्यात अवघड वर्ष तू पास होऊन काढलंयस रे. एक सेम अजून बघ, पण तसाच राहू नको. सेम सुरू झाल्या आठवड्यात एका लेक्चररकडं वर्ग सुटल्यावर जा, एक खरी शंका घेऊन जा, नाव सांग, गाव सांग. दुसऱ्या आठवड्यात परत त्याच लेक्चररकडं. 100 मुलांच्या वर्गात शिक्षक मुलाला शोधत येत नाही, त्याला वेळ नसतो, पण आलेल्या मुलाला विसरत नाही, हे मी टेबलाच्या पलीकडनं सांगतेय. रविवारी गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात जाऊन ये. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, नको नको ते विचार येत असतील तर मात्र सेमची वाट बघू नको, डॉक्टरला दाखव आणि घरी निघून ये, वर्ष गेलं तर जाऊ दे.

तसं नसेल तर गणपतीला ये. येण्याचं आणि परत जाण्याचं, दोन्ही तिकिटं आत्ताच काढून ठेव, सणाला राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं वेटिंग फार वाढतं.